पाण्याची मासळी

आमच्या घरात एक रीत होती. जाळ्यात वाकड्या पाठीची किंवा एका डोळ्याची मासळी आली, तर ती विकायची नाही, खायची नाही. इतरांपेक्षा वेगळी म्हणजे ती पाण्याची. आण्णा, माझे वडील, तिला परत तलावात सोडायचे आणि ओला हात कपाळाला लावायचे. लहानपणी अशी मासळी क्वचितच यायची, त्यामुळे मला तिचं भारी कौतुक.

मग तेर गावाजवळच्या आमच्या तलावात मासे पाळायचे पिंजरे आले, आणि बाहेरच्या मोकळ्या मासळीच्या अंगावर तांबड्या जखमा दिसू लागल्या. शेपटी झडलेली, जबडा वाकडा. पिंजरेवाले म्हणायचे, पाणी आटलंय म्हणून होतं. असेलही. पण पिंजऱ्यांपासून लांब टाकलेल्या जाळ्यात मासळी धड यायची, हे मी निवडताना रोज बघत होते.

आण्णा मात्र रीत पाळत राहिले. प्रत्येक रोगी मासळी परत पाण्यात. माझं डोकं फिरायचं.

“आण्णा, रोग पसरतोय त्यानं. चुना टाकून पुरा की.”

“पाण्याचं हाय ते. आपुन कोण ठिवून घेणार?”

मी हट्टालाच पेटले. शेवटी एकदा जाळं ओढलं तर सगळीच जखमांनी भरलेली. त्या दिवशी त्यांनी बाभळीखाली खड्डा खणला. चुना टाकून झाल्यावर सवयीनं हात कपाळाला गेला आणि तिथं पांढरी बोटं उमटली. तेव्हापासून आण्णांनी मासळी खाणं सोडलं. माझंच खरं झालं होतं, आणि मला त्या बाभळीकडे बघवत नव्हतं. मातीखाली काहीतरी हलतंय असं वाटायचं. अजून वाटतं. मी वाट वाकडी करून जाते.

गेल्या हिवाळ्यात एक मरळ आली. काळीभोर, धडधाकट, अंगावर ओरखडा नाही. मी इतकी हरखले की काठावरच मसाल्याच्या गोष्टी सुरू केल्या. आज आण्णा जेवतील, एवढंच मनात होतं.

त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. बराच वेळ. मग गुडघाभर पाण्यात शिरले.

“आण्णा, चांगली हाय ती!”

“व्हय, म्हणूनच,” ते म्हणाले. “आता समद्यांत हीच येगळी.”

त्यांनी हात सैल सोडले. मरळ सरळ पिंजऱ्यांच्या दिशेनं गेली.