ताट गार की पाट गार

भूकंपात आमचं औशाकडचं घर पडलं, माणसं वाचली. त्यावर रडायचं तेवढं रडून झालंय. हे त्यानंतर काही वर्षांचं. मुलगी बारावीला गेली आणि उन्हाळी क्लाससाठी आम्ही मायलेकी लातूरला पत्र्याच्या एका खोलीत राहिलो. मी भाकरी करायला, ती शिकायला.

क्लासच्या फिजिक्सच्या चाचणीत ती दोनदा नापास झाली. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं, "रविवारच्या पेपरात पास झाली तर राहील. न्हाई तर सोमवारी घेऊन जातो." निलंग्याचं स्थळ आलेलं होतं, मुलगी त्यांना पसंत होती. तिला लग्न नको होतं. मलाही तिचं इतक्यात करायचं नव्हतं.

क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, घरी कुणाला तरी समजावून सांगा. घरी मीच. शिक्षण चौथी.

आधी लोहचुंबक झाला. तोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन टोकं राहतात म्हणाली. का, ते तीनदा सांगितलं. मला कळलं नाही, मी तसं सांगितलं. ती चिडली.

मग उष्णता आली. मी म्हणाले, "पपई खाऊन अंगात वाढते ती?"

"माय, गप ऐक गं. लोखंडाची पट्टी आन् लाकडाची फळी एकाच खोलीत ठेवली. जास्त गार कोण?"

"लोखंड."

"मीबी तेच लिवलं. चूक दिलंय. दोन्ही सारखेच म्हणे."

"सर कधी सकाळी ताटाला हात लावत न्हाईत का?"

ती हसली नाही. "पाठ करते," म्हणाली. पाठ करूनच दोनदा नापास झाली होती. मी म्हणाले, "मला पटल्याबिगर पाठ करायचं न्हाई."

दुपारी पत्रा तापला. जेवायला पाट मांडला, फळीवरचं कोरडं ताट काढलं तर बोटांना चटका. पाटाला हात लावला, तो नुसता कोमट.

"हे बघ," मी म्हणाले, "सकाळी ताट गार, आता ताटच गरम. तुझं सारखं कुठंय?"

ती ताटाकडं बघत राहिली. मग उठून घरमालकिणीकडं थर्मामीटर मागायला गेली. त्यांना आम्ही आपा म्हणायचो. त्या थर्मामीटर घेऊन स्वतःच आल्या.

"किसको बुखार आया?"

"घराला," मी म्हणाले.

"मग डॉक्टर बुलाव ना, मला कशाला?"

पोरीनं थर्मामीटर ताटावर फडक्याखाली दाबून धरलं. पारा एकशे सातच्या पुढं गेला. झटकून पाटावर धरलं. केसभराचा फरक. आपा म्हणाल्या, "दोघांनाही बुखार."

पोरगी एकदम बोलायला लागली. पुस्तक मिटलेलंच होतं. "माय, ताट-पाट सारखेच हायेत. आपला हात येगळा हाय. सकाळी ताट हातातली उष्णता भराभर वढून घेतंय, म्हणून गार लागतंय. आता हातापेक्षा ताट गरम, ते भराभर देतंय. लाकूड घेतंयबी हळू, देतंयबी हळू."

मला पटलं. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही का भाजत होतो, तेही तेव्हाच कळलं. पडलेल्या घराच्या दगडमातीच्या भिंती उष्णता हळू घेत होत्या, पत्रा भराभर.

रविवारी पेपर झाला. सोमवारी तिचे वडील आले, पिशवी रिकामी घेऊन, तिचे कपडे भरायला. तिनं तपासून आलेला पेपर पुढं केला. पास होती, फार पुढं नाही, पण पास. त्यांनी तो उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यात काय लिवलंय?"

तिनं त्यांना ताट आणि पाट समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात ताटाकडं गेला. चटका बसल्यावर म्हणाले, "आगं, खरंच की!"

आपांचे उपकार आहेतच. पण त्या माणसाचेही मानते. शब्द दिला होता, तो पाळला. भाकरी खाल्ली, निलंग्याच्या स्थळाला नकार कळवतो म्हणाले आणि चारच्या बसनं एकटेच औशाला गेले.