वैर आहे, संशय नाही

जिल्ह्याच्या बातम्या लिहिणाऱ्याला काही शब्द रोज लागतात. ‘पूर्ववैमनस्य’ हा त्यातला एक. पोलिसांच्या टिपणात तो असतो, तिथून बातमीत येतो. मारहाण झाली, उभे पीक कापून नेले, गोठा पेटला, की कारणाच्या जागी हा शब्द बसतो आणि वाचणारा पुढे काही विचारत नाही. रिठद गावात मोठ्या मायची सोयाबीनची सुडी जळाली, त्या दिवशी तो मला लिहिता आला नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यापासून शेती तीच पाहते. सोंगलेले सोयाबीन एका जागी रचून, वर ताडपत्री टाकून मळणीयंत्राची वाट पाहायची. त्या ढिगाला आमच्याकडे सुडी म्हणतात. मी पोहोचलो तेव्हा वितळलेली ताडपत्री आणि धूर एवढेच उरले होते. हंगामाचे सगळे पीक त्यात गेले होते.

धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे, ज्याचे शेत आहे त्याच्याशी या घराचे वैर. धुरा कोणी सरकवला, याचा दावा वाशीमच्या कोर्टात कित्येक वर्षे चालू आहे. लग्नकार्याला एकमेकांना बोलावणे नाही. तो माणूस आपल्या बाजूला लिंबाखाली उभा होता. सगळे ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

पंचनाम्याला आलेल्या जमादाराने विचारले, “बाई, कोनाशी वैर हाय का?”

“हाय ना. धुऱ्यावाल्याशी.”

“मंग त्याचंच नाव लिहितो.”

“कायले? तुमी वैर विचारलं, मी वैर सांगतलं. आग त्यानं लावली, असं मी कवा म्हनलं?”

धाकटे काका पुढे झाले. “वहिनी, आयता मोका हाय. एकडाव ठाण्यात गेला की कोर्टातबी नरम येते तो.”

“तुमी गप बसा, भाऊजी. एवढा जोर होता तं रातभर राखण कराले काहून नाही आले?”

लोक हसले. जमादार हसला नाही. नाव लिहिले असते तर संध्याकाळपर्यंत त्या माणसाला ठाण्यात बसावे लागले असते.

“संशय तरी हाय का?”

“नाही. तो तणनाशक माराले जाते आन् वारा माह्या पिकाकडं असला की पंप खाली ठेवते. मजूर दिवसभर बसवून ठेवते, पन फवारत नाही. मले बुडवायचं असतं तं तवाच बुडवलं असतं. वाऱ्यानं गेलं म्हनला असता. कोनाले समजलं असतं?”

“तुमचं नुकसान झालं, आन् त्याचीच बाजू घेता?”

“बाजू कायची? कोर्टात तं सोडत नाही ना त्याले!”

‘अज्ञात कारणाने’ असे लिहून पंचनामा संपला. लिंबाखालचा माणूस निघून गेला.

संध्याकाळी डेस्कवरून फोन आला. “कारण काय घेऊ? वैमनस्य आहे ना तिथं?”

“आहे. पण कारण ते नाही. अस्पष्ट लिहा.”

बातमीतल्या वैमनस्यात माणूस काहीही करील असे धरलेले असते. मोठ्या मायच्या बोलण्यातले वैर धुऱ्यापुरते होते, आणि त्याच्या पलीकडे तो माणूस काय करणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. दोन्ही बाजूंनी इतके नीट सांभाळलेले वैर मी दुसरीकडे पाहिलेले नाही. सुडी कशाने पेटली, ते अजून कळलेले नाही.

पुढच्या तारखेला मी कोर्टात दुसऱ्या कामाला गेलो होतो. व्हरांड्यात दोघेही बाकाच्या दोन टोकांना बसलेले. पुकारा झाला तसा तो उठला आणि तिच्यासमोर थांबला.

“सुडीचं लय वाईट झालं.”

“झालं खरं. धुऱ्याचं बोल.”

“धुरा माहा हाय.”

“मंग चाल आत,” मोठी माय म्हणाली आणि पदर सावरून त्याच्या पुढे निघाली.