पदराच्या गाठीतलं सिम

आमचे हे मोटरी दुरुस्त करायचे. जळकोट तालुक्यात कुणाचीबी मोटर अडकली की लोक म्हणायचे, "रामलिंगला बोलवा." माणूस लई चिकट. स्क्रू ढिला दिसला तर ताटावरून उठणार. मी म्हणायची, "त्या मोटरीसंगंच लगीन लावायचं व्हतं." तर म्हणायचे, "ती तुझ्यासारखी बोलत न्हाई ना, तिथंच बरं वाटतंय."

आता आमच्याकडं मोटर फोनवर चालती. विहिरीवरच्या पेटीत सिम असतंय. शेतवाल्यानं घरून रिंग दिली की मोटर चालू. पेटीतले फ्यूज काढून सगळ्यांनी कवाच तारा गुंडाळल्यात, आन् डीपीवरून लाईट तोडावी तर शेजारचे भांडायला येत्यात. म्हणून ह्यांचा एक नेम व्हता. आधी पेटी उघडून सिम काढायचं, माझ्या हातात द्यायचं, मंगच विहिरीत उतरायचं. मी ते पदराच्या गाठीत बांधायची.

"राजकन्या, माझा जीव हाय त्यो, सांभाळ."

"एवढुसाच व्हय तुमचा जीव?" मी हसायची. पण हे वर येईपर्यंत गाठीवरचा हात काढायची न्हाई.

मागं बागायतदारांनी मिळून एक कंपनी काढली. कुणाचा रिचार्ज संपायचा, कुणाचं सिम चोरीला जायचं, ऊस वाळायचा. मंग कंपनीनं सगळ्या मोटरींच्या सिमसाठी एकच प्लॅन घेतला. यंदा त्याच्याबी पुढं गेले. कंपनीच्या लातूरच्या ऑफिसातला सत्यम येऊन नव्या पेट्या बसवून गेला. आत ई-सिम. म्हणजे सिम बोर्डातच बसवलेलं, काढता येत न्हाई, चोरता येत न्हाई. लातूरला बसून एका बोटावर साऱ्या मोटरी चालू. जुनं सिम घालायची खाचबी त्या पेटीला तशीच व्हती, नुसती रिकामी.

सत्यमनं बैठकीत हे सारं समजावून सांगितलं म्हणं. चहा-भजी झाली. आम्हाला कुणी बोलवलं न्हाई. कशाला बोलवतील? आमच्या नावावर कुठं विहीर हाय! जो आत उतरणार त्यालाच तेवढं सांगायचं राहिलं. मला हे नंतर कळलं. आजबी आठवलं की डोक्यात जाळ व्हतोय.

त्या दिवशी लिंबाजी पाटलाचा फोन आला. ते हदगावला सोयऱ्याकडं गेलते. "रामलिंग, जाळीत शेवाळ अडकलंय, पाणी ओढत न्हाई. केबलची सालबी निघालीय, मोटर चालू असली की पाण्यात करंट लागतोय. तेवढं जपून."

भर दुपारी आम्ही पाटलाच्या विहिरीवर गेलो. ह्यांनी पेटी उघडली, खाचेत बघितलं आन् खूश झाले. "बघ, लिंबाजीनं सिम आधीच काढून ठेवलंय. कधी न्हवं ते शहाणपणा केला गड्यानं."

"कुठं ठेवलंय?"

"नेलं असंल संगं. तू भाकरी सोड, आलोच."

मला काही बरं वाटंना. हात सारखा पदराकडं जात व्हता, आन् गाठच न्हवती. मी म्हणलं, "पाटलाला इचारा तरी एकदा."

"खाच रिकामी दिसतीय की! किती भेशील गं?" म्हणले आन् पायऱ्या उतरले.

मी पाईपाच्या तोंडापाशी बसून भाकरी सोडली. खालून आवाज आला, "निघालं बघ शेवाळ!"

तेवढ्यात वर पेटीत खट् झालं. पाईप गुरगुरला आन् भसकन् पाणी आलं. स्वच्छ, जोराचं. असं पाणी बघून कुणालाबी आनंद व्हईल. मी भाकरी टाकून विहिरीच्या कडेला धावले.

"अवो! अवो, वर या!"

खालून काही न्हाई.

पळत जाऊन मी पेटीचं लाल बटण दाबलं. पाणी थांबलं. मी विहिरीकडं वळले, तर मागं पुन्हा खट्. लातूरला कुणाला तरी मोटर बंद पडलेली दिसली व्हती. त्यांनी परत चालू केली. मी दाबायची, ते चालू करायचे. त्यांना तिथून मोटरच दिसत व्हती, माणूस दिसत न्हवता.

शेवटी मी एका हातानं बटण दाबून धरलं आन् लोकांना हाका मारल्या. दुसऱ्या हाताचं बोट त्या खाचेत घालून सिम शोधत राहिले. माणसं आली, ह्यांना वर काढलं, तरी मी शोधतच व्हते. खाचेत काढायला काहीच न्हवतं.