अप्पांच्या जीपचा छोटा लिव्हर

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण गुपचूप. कधी कमेंटसुद्धा केलेली नाही. वाचायचं, 'असं कुठे असतं का' म्हणायचं आणि फोन बाजूला ठेवून झोपायचं... इतकंच. भूत, करणी, बाधा यातलं मला काहीच पटत नव्हतं, आजही पटत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी आणि कन्नड, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील – सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते, यात भूत नाही. एक जुनी जीप आहे आणि माझे वडील आहेत.

आमचं घर आळंदला, कलबुर्गी जिल्ह्यात. शेत निंबर्ग्याच्या बाजूला. डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळलं की मध्ये एक ओढा लागतो. अलीकडचा उतार सोपा आहे, पलीकडची चढण उभी आणि सगळी काळी माती. जरा पाऊस झाला की तिथे कार चढत नाही. ट्रॅक्टर चढतो, नाहीतर आमची जीप.

ही जीप अप्पांनी माझ्या जन्माच्या आधी लिलावात घेतलेली. फोर-व्हील ड्राइव्ह. तिच्यात दोन लिव्हर आहेत. मोठा नेहमीच्या गिअरचा, आणि शेजारी छोटा, ट्रान्सफर केसचा. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची लोखंडी पेटी; इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. चिखलातून चढायचं असेल तर छोटा लिव्हर 'लो'मध्ये टाकायचा. आमच्या जीपमध्ये तो चढणीवर हमखास निसटून न्यूट्रलला यायचा. म्हणून अप्पा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने तो लिव्हर दाबून धरायचे. काका मागून चिडवायचा, "अण्णा, लिव्हर हाय का म्हशीचं दावं? सोड की जरा!" अप्पा सोडायचे नाहीत.

मग अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला एक "हां" आणि नको असेल तेव्हा डावा हात हलवणं. मी हैदराबादहून घरी आले, लॅपटॉपवर इथूनच काम करायला लागले. फिजिओ, गोळ्या, मीटिंग, पुन्हा फिजिओ. रोज सकाळी मी त्यांच्या उजव्या हाताची बोटं एक-एक करून उघडायची आणि मिटायची. हात ओल्या टॉवेलसारखा. सोडला की पडायचा. डॉक्टर म्हणाले, आता हातात फार काही येईल असं वाटत नाही. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी इतकी दमले होते की वाईटही धड वाटलं नाही.

जीप शेडमध्ये उभीच होती.

आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, पाच दगडांचे पांडव पुजायचे, भाज्या-डाळींची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातलं आंबील... आणि घरातला मोठा माणूस शेताभोवती फिरून पिकावर आंबील शिंपडतो. मागच्या वर्षी अप्पा दवाखान्यात होते. यंदा येळवसचं बोलणं निघालं तसे ते डाव्या हाताने शेडकडे दाखवायला लागले. दिवसातून कितीतरी वेळा.

"ट्रॉलीत बसवून नेऊ की," काका म्हणाला. अप्पांनी डावा हात जोरात हलवला. दसऱ्याला ट्रॉलीत बसवलं होतं तेव्हा ते एका बाजूला कलंडले होते, आणि देवळापुढचे सगळे बघत होते. ते मी विसरले नव्हते. तेही विसरले नसणार.

मी जीप सत्तारचाचांच्या गॅरेजवर नेली. रस्त्यावर टू-व्हीलमध्ये, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर, ती नीट चालली, फक्त खालून करकर आवाज. चाचांनी जॅक लावून चाकं उचलली, शाफ्ट हाताने फिरवून बघितला, ट्रान्सफर केसचं ऑइल थोडं डब्यात काढलं. ऑइल चमकत होतं – लोखंडाचा बारीक चुरा.

"बेरिंग गेले, गिअरचे दात घासलेत," चाचा म्हणाले. मग छोटा लिव्हर टाकून बघितला. "लागायलंय, पन धरत न्हाई. आतली स्प्रिंग मेलीय. पेटीच बदलावी लागंल बेटा. हैदराबादच्या भंगार बाजारातून आणावी लागंल."

"येळवसच्या आधी?"

"आता तू बी कमाल करायलीस. हे काय बिस्किटाचा पुडा हाय का, गेलो न आणलो? उघडलो तर पेटी येईपर्यंत गाडी इथंच पडंल. न्यायची तर ने, पन ओढ्यात घालू नको."

मी नेली. पेटी उघडू नका, असं मीच म्हणाले.

येळवसच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला. येळवसच्या दिवशी सकाळीच काका, अव्वा म्हणजे माझी आई, आणि बाकी सगळे भांडी घेऊन ट्रॅक्टरने पुढे गेले. मी अप्पांना डाव्या सीटवर बसवलं, माझ्या ओढणीने सीटला बांधलं. छोट्या लिव्हरची मूठ कधीच गळून पडलेली, नुसता दांडा उरलेला, त्याला चाचांच्या गॅरेजचं ग्रीस लागलेलं. ते पुसायचं राहून गेलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लागणार आहे.

ओढ्यात उतरलो. छोटा लिव्हर लो-मध्ये टाकला. चढणीच्या मध्यावर खाड् असा आवाज झाला, लिव्हर निसटून न्यूट्रलला आला, इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि जीप मागे घसरली. ब्रेक दाबला. पुन्हा लिव्हर टाकला, डाव्या हाताने दाबून धरला, तर एका हाताने स्टिअरिंग आवरेना. चाक चरीत गेलं आणि लिव्हर पुन्हा निसटला. मागे पाणी. आजूबाजूला कोणी नाही, सगळे आपापल्या शेतात. लांबून कुठूनतरी स्पीकर ऐकू येत होता. फोनला रेंज नाही. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले. रडू नाही आलं, काहीच नाही. वाटलं, आता इथेच बसू... कोणीतरी येईल कधीतरी.

"हां," अप्पा म्हणाले.

मी बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता. थरथरत नव्हता. तो दांड्यावर गेला, बोटं एकामागून एक मिटली – रोज सकाळी मी मिटते त्याच क्रमाने – आणि त्यांनी दांडा पुढे ढकलला. खाली घट्ट काहीतरी बसल्याचा आवाज आला. त्यांची नजर समोर होती, चढणीवर. जसं ते आधी बघायचे तसं.

मी क्लच सोडला. जीप चढली. एकदाही न घसरता, न करकरता चढली. वर सपाटीला, आमच्या बांधाशी पोचलो आणि हात दांड्यावरून सुटून मांडीवर पडला. त्याच क्षणी जीपही थांबली. इंजिन चालू, पण कुठलाच गिअर लागेना. छोटा लिव्हर इकडून तिकडे नुसता हलत होता.

मी इंजिन बंद केलं, ओढणीची गाठ सोडली आणि काकाला हाक मारली.

पूजेच्या आधी अव्वा अप्पांचे हात धुवायला बसली. "अगं बाई, हे काळं काय? शिल्पा, ह्यांच्या हाताला ग्रीस कामून लावलीस?" उजव्या तळव्यावर ग्रीस होतं, आणि ग्रीसखाली दांड्याचा लाल वळ. "लागलं असेल," मी म्हणाले.

काकाने खुर्ची बांधाला लावून धरली आणि अप्पांनी आंबील शिंपडलं. डाव्या हाताने. अर्धं काकाच्या शर्टवर. "मला कशाला शिंपडायलास, मी काय ज्वारी हाय का?" काका म्हणाला. अप्पा हसले, आणि डोळे पुसायला त्यांनी डावाच हात वर नेला.

जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून थेट गॅरेजवर नेली. काही दिवसांनी हैदराबादहून पेटी आली आणि चाचांनी जुनी उघडली. मी समोर उभी होते. त्यांनी आतून फोर्क काढला. लिव्हर हलवला की गिअरला सरकवणारा लोखंडी चिमटा म्हणजे फोर्क. त्याचे दोन तुकडे निघाले.

"ओढ्यात तुटला असेल," मी म्हणाले.

चाचांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "न्हाई. हे बघ, कडा घासून गुळगुळीत झाल्यात. लई दिवसाचं तुटलेलंय हे."

"पण तुम्ही तर लिव्हर टाकून बघितला होता. लागत होता."

"व्हय," चाचा म्हणाले. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले. "लागत व्हता."

"चाचा... कोणी लिव्हर दाबून धरला असता तर जीप चढली असती?"

"धरून काय फायदा? खाली कायच जोडलेलं न्हाई. गिअर आपोआप अडकला असंल तर चढली असंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कामून? कोन धरलं व्हतं?"

मी नव्या पेटीचे किती झाले ते विचारलं.

डॉक्टरांना मात्र हाताबद्दल विचारलं. खूप ताण आला की कधीकधी अशी हालचाल होऊ शकते, असं म्हणाले. असेल. गिअर अडकणंही असेल. पण दोन्ही एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी संपलं, याचं कारण मला कोणी सांगितलेलं नाही. मी शोधून थकले.

नवी पेटी बसल्यावर मी अप्पांना घेऊन पुन्हा ओढ्यावर गेले. चढणीच्या आधी जीप थांबवली, त्यांचा उजवा हात उचलून छोट्या लिव्हरवर ठेवला, बोटं मिटली. हात घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. अप्पांनी डाव्या हाताने 'राहू दे' अशी खूण केली.

जीप वर चढली. आता लिव्हर निसटत नाही, कोणी धरावा लागत नाही. चाचांनी काम चोख केलंय.

तरी मी दर वेळी तिथे थोडी थांबते. आणि दर वेळी मनात येतं की ती पेटी मी बदलायला नको होती.