किल्ल्याच्या जागेवर थडगं

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला दरवर्षी माझा नवराच बांधायचा, गेटजवळ, पाण्याच्या टाकीला लागून. या उन्हाळ्यात तो गेला. लोकांच्या भाषेत ‘ऑफ झाला’. ‘मेला’ म्हणायची कुणाची छाती होईना. दिवाळी तोंडावर आली तशी शेजारीण म्हणाली, “वहिनी, यंदा तुमच्याकडे सण नाही ना? फराळ आम्ही देऊ. किल्ल्याचंही बघेल कोणीतरी.” फराळ घेतला. किल्ल्याची जागा मात्र सोडली नाही. का म्हणून सोडू?

किल्ला बांधायचाच नव्हता मला. निवृत्तीनंतर त्याच्या हट्टापायी आम्ही दोघं इराणला गेलो होतो. तिथे उत्तरेकडच्या सपाट मुलखात एका राजाचं थडगं आहे, हजार वर्षांपूर्वीचं. नुसत्या विटांचा मनोरा, आमच्या इथल्या टॉवरांएवढा उंच. अंगाला दहा धारदार कंगोरे, डोक्यावर टोकदार टोपी. आत जिना नाही, मजले नाहीत, सगळं पोकळ. राजाचं प्रेत म्हणे काचेच्या पेटीत घालून छताला टांगलं होतं, पूर्वेच्या झरोक्यातून त्याच्यावर ऊन पडावं म्हणून. पुढे लोकांनी खाली खणून पाहिलं, तर काही सापडलं नाही. नवरा मान मोडेस्तोवर वर बघत उभा होता. “बांधावं तर असं,” म्हणाला, “बाकी सगळं प्लास्टर.”

म्हणून मी तोच बांधला. विटांचे तुकडे, लाल माती, टोपीला पुठ्ठा. कंगोरे सारखे ढासळायचे, आणि मी त्या मेलेल्या माणसालाच शिव्या घालायचे, की स्वतः निघून गेलास आणि हा उद्योग माझ्या गळ्यात मारलास!

वसुबारसेला सोसायटीचे सेक्रेटरी आले. आधी एकदम खूश. “वा काकू! कुठला हो हा बुरूज? वसईच्या किल्ल्याचा?”

“थडगं आहे,” मी म्हणाले.

गडी मागेच सरकला. “अहो काकू, सणासुदीचं गेटवर थडगं? पाटीवर बुरूज लिहा ना. कोणाला कळतंय?”

“बुरूज कसा लिहू? राजानं स्वतः दारावर कोरून घेतलंय, ‘हा उंच महाल’, आणि तोही जिवंतपणी बांधून घेतलाय.”

“मग झालं तर! महाल लिहा! राजाच म्हणतोय!”

घ्या! एवढा मोठा राजा, आणि तोही ‘थडगं’ या शब्दाला कचरला! मला त्याचा रागच आला. माझा माणूस मेलाय. ऑफ झालेला नाही, देवाला आवडलेला नाही, मेलाय. त्याच्या जागेवर, भर दिवाळीत, मला तेवढं एक मोठ्यानं म्हणायचं होतं. तो शब्द काढला तर उरतं काय, मातीचा ढीग? हे सगळं मी सेक्रेटरींना तिथेच ऐकवलं. रडू आलं, डोळे पुसलेही नाहीत.

“नको असेल तर पाडा,” मी फावडं पुढे केलं. “पण तुमच्या हातानं.”

त्यांनी फावड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तुमचं तुम्ही बघा, काकू,” म्हणाले आणि गेले.

मग मी पाटी लिहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत: ‘हे थडगं आहे. माझा नवरा मेला, त्याच्यासाठी बांधलं. बांधणारी जिवंत आहे.’