डिझेलात धुतलेले गळ

पाना शहाणा असता, तर त्या शनिवारी त्याने आईचा गळांचा डबा उघडलाच नसता. पण शहाणपणाचं आणि त्याचं कधी फारसं जमलं नाही. बस आगारात तो मेकॅनिक. तिथेच त्याला हे नाव चिकटलेलं. जगातल्या कुठल्याही गंजावर त्याच्याकडे एकच औषध होतं, डिझेल. आईचे सतरा गळ त्याने दुपारभर वाटीत भिजवले, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले आणि लखलखीत करून परत डब्यात ठेवले. म्हातारीला खूश करायचं होतं. मंगळवारी तिच्या फुप्फुसाचं ऑपरेशन होतं, आणि कागदावर सही घेताना डॉक्टरांनी पान्याच्या नजरेला नजर दिली नव्हती. मधल्या रविवारी तिला एवढंच हवं होतं: तळ्यावर जायचं आणि एक मासा धरायचा.

आईने एकतीस वर्षं लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केली. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झाली होती की चटका बसला तरी कळत नसे. पण खाणीच्या तळ्याकाठी बसून त्याच बोटावर दोरी घेतली, की खोल पाण्यात माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलेलंही तिला कळे. काठी नाही, तरंगणारं बूच नाही. दोरी आणि बोट, बस्स. पाना सहा वर्षांचा असताना तिने त्याला हेच शिकवलं. त्याआधीचा पहिला धडा मात्र हातांचा. काठावरचा चिखल कोपरापर्यंत चोळायचा. साबण नाही, तेल नाही.

"मासा नाकाने जेवतो," ती म्हणे. "तुझा वास आला तर उपाशी झोपेल, पण तुझ्या ताटातलं खाणार नाही."

धडा पान्याला तोंडपाठ होता. पाठ असणं वेगळं, ऐन वेळी आठवणं वेगळं.

रविवारी त्याने तिला स्कूटरवरून नेलं. डबा उघडून ती गळांकडे बघत राहिली. एक उचलून नाकाशी नेला.

"चकाचक केलेस की रे."

"मग! नवे वाटतायत ना?"

"नवेच." तिने गळ चिखलात चोळला, गांडूळ लावलं आणि दोरी सोडली.

सकाळची दुपार झाली. पलीकडच्या काठावर पोरं पावाचे तुकडे लावून मासे ओढत होती. इकडे कुणी फिरकेना. खोकल्याची उबळ आली की ती दोरी पान्याच्या हातात देई, उबळ थांबली की परत मागून घेई. चारच्या सुमाराला त्याने गांडूळ बदलायला गळ हातात घेतला, त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला, आणि थेट आगाराचा वास आला.

त्याने गळ तिच्यापुढे धरला. "आई, डिझेल."

"माहीत आहे."

"सकाळपासून? मग बोलली का नाहीस? त्या पोरांकडून एक गळ मागून आणला असता!"

"एवढं मन लावून घासले होतेस." ती दम खात म्हणाली, "आणि मेकॅनिक माणूस तू. वाटलं, निदान एखादी बस तरी गळाला लागेल."

पान्याला हसू आलं नाही. धावत जाऊन त्याने पोरांकडून गळ आणला, पण तोवर तिला बसवत नव्हतं.

"चल आता," ती म्हणाली. "एक मासा देणं लागतोस मला. विसरू नकोस."

"बुधवारी आणतो हॉस्पिटलात. जिवंत, बादलीतून."

"नर्सला चावेल."

मंगळवारी तिला आत नेलं. बाहेर आणली ती चादरीखाली.

आता पान्याची मुलगी सात वर्षांची आहे. आजीच्या बोटाला कळायचं ते सगळं तिच्या बोटालाही कळतं. आगाराचा वास पान्याच्या नखांतून जात नाही, म्हणून आमिष तीच लावते. मागच्या रविवारी तिने पाच मासे धरले.

"बाबा, यातला एक आजीचा म्हणून सोडून दे ना. फिटलं!"

"तसं चालत नाही. तो मीच धरायला हवा."

तो कोपरापर्यंत चिखल चोळतो, तीन-तीनदा, आणि शेजारी आपली दोरी सोडून बसतो. त्याच्या दोरीला त्या सतरांतलाच एक गळ असतो. डिझेल केव्हाच उडून गेलं असणार, असं आगारात सगळे सांगतात. मासा अजून लागलेला नाही.