वाकलेला दांडा
स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायच्या निळ्या गोंदाचा वास आला की मला होटगी रस्त्यापलीकडचं तापलेलं माळरान आठवतं. माझं रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडालं की शेपटीपर्यंत थरथरायचं, आणि मधूनमधून ते मागून नेणारा माझा मेव्हणा महिनाभर घरात सांगत होता, "दाजींचा हात कापतोय आता, जोडणी जमत न्हाय." आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस मी, पण बायकोसुद्धा माझ्या हातांकडे बघायला लागली होती. एका दुपारी त्याच माळरानावर मी त्याच्यासमोरच पाती काढून मोटर फिरवली. थरथर तशीच होती, म्हणजे दोष पात्यांत नव्हता. मग पाती ज्यावर फिरतात तो दांडा काढून सोबत आणलेल्या काचेवर घरंगळत सोडला, तर तो उड्या मारतच गेला. "हा वाकलाय. आपटल्याशिवाय वाकत नाही," मी म्हणालो. "मागं एकदा माझ्याकडनं पडलं हुतं की. त्यात काय एवढं, दाजी?" असं म्हणून तो हसला. मी सामान उचललं आणि त्याला तिथंच उन्हात सोडून गाडी काढली. तो हाका मारत राहिला, मी थांबलो नाही. आता लग्नकार्यात तो नमस्कार करतो, मीही हात जोडतो. पण चहाचा कप उचलताना मी अजून आधी माझ्या हाताकडे बघतो, आणि ह्यासाठी मी त्याला माफ केलेलं नाही.